सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या माहितीगरजा आणि ग्रंथालयांची विस्तारसेवा : एक चिकित्सा

सारांश : सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील कर्मचाऱ्यांपर्यंत माहिती पोहोचविण्यासाठी ग्रंथालयांनी व माहिती संस्थांनी देशविदेशांत हाती घेतलेल्या काही निवडक उपक्रमांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. या उपक्रमांचा भर साहित्य पोहोचविण्यावर राहिला. कर्मचाऱ्याचा प्रश्न समजून घेणे, त्याच्या भाषेत उत्तर देणे आणि कालबाह्य माहिती मागे घेणे या तीन बाबी मात्र दुय्यम राहिल्या, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांच्या संदर्भात या प्रतिपादनाचा काय अर्थ होतो, याचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : सार्वजनिक आरोग्य, आशा स्वयंसेविका, माहितीगरज, विस्तारसेवा, सार्वजनिक ग्रंथालय, कालबाह्य ग्रंथ.

१. प्रस्तावना

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'विस्तारसेवा' हा घटक आवर्जून शिकविला जातो. ग्रंथप्रदर्शने, व्याख्यानमाला, फिरते ग्रंथालय, वाचनकट्टा अशी तिची उदाहरणे दिली जातात. जो वाचक ग्रंथालयात येत नाही त्याच्यापर्यंत ग्रंथालयाने जावे, ही त्यामागील भूमिका होय. भूमिका रास्त आहे; पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. ग्रंथालयाकडे जे आहे तेच वाचकाला हवे आहे आणि उणीव आहे ती केवळ अंतराची, असे ते गृहीतक आहे. कथा-कादंबऱ्यांच्या वाचकाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे ठरते. ज्याच्या माहितीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, अशा वाचकाच्या बाबतीत ते तपासून पाहणे आवश्यक ठरते.

असा वाचकवर्ग महाराष्ट्रात मोठा आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका व आरोग्यसेवक, त्यांच्यावरील आरोग्य सहाय्यक, समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका यांचा त्यात समावेश होतो. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका नेमण्याचे धोरण आले. आज महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका काम करतात. दुसरीकडे, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली सुमारे ११ हजार सार्वजनिक ग्रंथालये राज्यात आहेत. अनेक गावांत प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वाचनालय एकाच रस्त्यावर असतात. या दोन व्यवस्थांचा परस्परांशी जवळजवळ काहीही व्यवहार नाही, ही वस्तुस्थिती प्रस्तुत लेखाचा प्रारंभबिंदू आहे.

२. माहितीगरज म्हणजे काय?

माहितीगरज ही संज्ञा आपल्याकडे सैलपणे वापरली जाते. 'कर्मचाऱ्यांना आरोग्यविषयक माहितीची गरज असते' या विधानातून काहीच निष्पन्न होत नाही. गरज नेहमी एखाद्या कामाच्या विशिष्ट टप्प्यावर उद्भवते आणि ती प्रश्नाच्या रूपात असते.

आशा स्वयंसेविकेच्या एका कामाचे उदाहरण घेऊ. गृहाधारित नवजात बालक काळजी कार्यक्रमानुसार रुग्णालयात बाळंतपण झाल्यास तिने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी गृहभेट द्यावयाची असते. बाळाचे वजन, तापमान, स्तनपान आणि धोक्याची लक्षणे ती पाहते. हे सर्व तिच्या प्रशिक्षण पुस्तिकेत आहे. परंतु घरातील सासू तिला जे विचारते ते पुस्तिकेत असेलच असे नाही. बाळाला घुटी द्यावी का, काजळ घातले तर काय होते, खाजगी डॉक्टरांनी लिहून दिलेले टॉनिक आणि सरकारी गोळी एकत्र चालते का, असे ते प्रश्न असतात. उत्तर त्याच क्षणी द्यावे लागते. ते चुकले तर बाळाला अपाय होण्याची शक्यता असते. उत्तर देताच आले नाही, तर पुढच्या भेटीत त्या घरात तिच्या शब्दाला वजन राहत नाही. गावात राहून गावाचेच काम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने विश्वासार्हता हेच भांडवल असते.

गरज ओळखण्याचा मार्ग विचारणे हाच असतो, हे महाराष्ट्रातील आरोग्य संशोधनाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी तोपर्यंतच्या कार्यक्रमांची समजूत होती. स्त्रियांना त्रास होता, त्या आपसांत बोलतही होत्या. पण तो कोणत्याही अधिकृत यादीत नव्हता. ग्रंथालयाने यातून घ्यावयाचा धडा असा की, आपल्या तालिकेतील विषयशीर्षकांवरून समाजाची माहितीगरज ठरविता येत नाही.

३. विदेशातील दोन प्रयत्न

या विषयातील सर्वांत संघटित प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पाठीशी १९६५ च्या वैद्यकीय ग्रंथालय साहाय्य कायद्यातून उभे राहिलेले प्रादेशिक ग्रंथालयांचे जाळे होते. जून १९९७ मध्ये 'पबमेड' ही शोधसेवा सर्वांना विनामूल्य खुली झाली. त्याच वर्षी या ग्रंथालयाने रोग नियंत्रण केंद्रे तसेच राज्य व स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांच्या संघटना यांच्यासह सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक भागीदारी उपक्रम सुरू केला. ग्रंथपालांनी आरोग्य खात्यांच्या कार्यालयांत जाऊन संगणकावर शोध कसा घ्यावा याचे प्रशिक्षण द्यावे, असे त्याचे स्वरूप होते.

या उपक्रमाचे श्रेय नाकारता येणार नाही. वैद्यकीय ग्रंथालय म्हणजे डॉक्टरांचे व संशोधकांचे ग्रंथालय ही समजूत त्याने मोडली. परंतु त्याची मर्यादाही लवकरच स्पष्ट झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांविषयीचा एक अभ्यास २००६ मध्ये 'बीएमसी पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या कर्मचाऱ्यांकडे शोध घेण्यास वेळ नाही, त्यांना मूळ शोधनिबंधांपेक्षा पारखून घेतलेले सारांश हवे आहेत आणि अहवाल, मार्गदर्शिका, इतर ठिकाणच्या कार्यक्रमांचे अनुभव असे अप्रकाशित वा अर्धप्रकाशित साहित्य त्यांना अधिक उपयोगी वाटते, असे त्यातून पुढे आले. शोधनिबंधांचा सागर खुला करून पोहण्याचे प्रशिक्षण देण्यात आले होते. कर्मचाऱ्याला मात्र तांब्याभर पाणी हवे होते.

याच भागीदारीतील एका लहान कामाची येथे मुद्दाम नोंद घ्यावीशी वाटते. 'हेल्दी पीपल २०१०' या राष्ट्रीय आरोग्य उद्दिष्टांच्या आराखड्यातील उद्दिष्टांसाठी ग्रंथपालांनी शोधसूत्रे आगाऊ तयार करून ठेवली. कर्मचाऱ्याने केवळ उद्दिष्ट निवडावे आणि त्याविषयीचे अद्ययावत साहित्य समोर यावे, अशी ती योजना होती. प्रशिक्षणाचा भार कर्मचाऱ्यावर टाकण्याऐवजी शोधाचा भार ग्रंथपालाने स्वतःकडे घेतला. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील, वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीच्या चौथ्या सूत्राचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुसरा प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हा येथील ग्रंथालयाचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने आफ्रिकेतील जिल्हा आरोग्य केंद्रांसाठी निळ्या रंगाच्या पत्र्याच्या ट्रंकेत शंभराहून अधिक पुस्तके भरून पाठविण्याची योजना आखली. वीज नाही, दूरध्वनी नाही, रस्ता वर्षातून काही महिनेच चालू, अशा ठिकाणी ट्रंक हेच ग्रंथालय.

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणून ग्रंथालय विभाग उभारला आणि ग्रंथांच्या पेट्या संस्थानातील गावोगाव पाठविण्याची पद्धत सुरू केली. बडोद्याची पेटी आणि जिनिव्हाची ट्रंक यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. बडोद्याची पेटी फिरती होती; ती परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. निळी ट्रंक केंद्रातच राहण्यासाठी पाठविलेली होती. ललित ग्रंथाला वयाचे बंधन नसते. उपचाराच्या पुस्तकाला असते. पुस्तके बदलण्याची सोय नसेल, तर ट्रंक ज्या दिवशी पोहोचते त्याच दिवसापासून जुनी होऊ लागते. ट्रंकेची किल्ली कोणाकडे राहील, हा प्रश्नही गौण नाही. ती केंद्रप्रमुखाच्या खणात राहिली, तर परिचारिकेच्या दृष्टीने ग्रंथालय आले काय आणि न आले काय, सारखेच.

४. भारतातील स्थिती : वरच्या मजल्याची सोय

जागतिक आरोग्य संघटनेने प्रमुख प्रकाशकांच्या सहकार्याने २००२ मध्ये 'हिनारी' हा कार्यक्रम सुरू केला आणि अल्प उत्पन्नाच्या देशांना वैद्यकीय नियतकालिके मोफत वा अल्प दरात उपलब्ध झाली. भारताचा लाभार्थी देशांत समावेश झाला नाही. येथील गरज राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पुढाकाराने २००८ मध्ये स्थापन झालेल्या 'ईआरमेड' या संघाने काही प्रमाणात भागविली. त्याचे सदस्य मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालये व संशोधन संस्था होत्या. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा पसारा आहे.

ही योजना महत्त्वाची आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील अध्यापकाला तिचा लाभ होईल. पण लाभार्थी कोण, हे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक हे ते लाभार्थी होत. प्राथमिक आरोग्य केंद्र ही शिक्षणसंस्था नाही, म्हणून तेथील वैद्यकीय अधिकारी या यादीत बसत नाही. आशा स्वयंसेविकेचा तर प्रश्नच उद्भवत नाही. यावर असे म्हटले जाईल की, इंग्रजी शोधनिबंध घेऊन आशाताई काय करणार? आक्षेप बरोबर आहे आणि त्यातच मुद्दा आहे. शोधनिबंध आणि आशाताई यांच्यामध्ये जी साखळी हवी, तिच्यावर कोणत्याही योजनेत खर्च नाही.

या तुटलेल्या साखळीचे एक मराठी उदाहरण लक्षणीय आहे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग अभ्यासला आणि त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये आले. रायगड जिल्ह्यात निर्माण झालेले ज्ञान लंडनच्या नियतकालिकात छापले गेले. ते तेथून शेजारच्या तालुक्यातील आरोग्य केंद्रात परत कोणी आणावयाचे? व्याख्याने आणि व्यक्तिगत प्रयत्न यांतून ते पोहोचतही असेल. पण हे काम आपले आहे, असे मानणारी संस्थात्मक व्यवस्था नव्हती. ग्रंथालय ती होऊ शकले असते.

५. कालबाह्य माहितीचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात माहिती न पोहोचण्याचा विचार केला. याहून गंभीर प्रश्न जुनी माहिती पोहोचण्याचा आहे आणि विस्तारसेवेवरील लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. पुढील चार उदाहरणे पाहावीत.

(अ) जलसंजीवनीच्या पुड्यातील क्षारांचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये कमी केले. २००४ मध्ये अतिसाराच्या उपचारात १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस त्यांनी केली. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकात झिंकचा उल्लेख नसणे स्वाभाविक आहे.

(आ) क्षयरोगाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा दिली जात. २०१७ मध्ये देशभर दररोज औषध देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. 'एक दिवसाआड गोळ्या' असे सांगणारी पुस्तिका आज रुग्णाला चुकीचे सांगते.

(इ) सर्पदंशानंतर आवळपट्टी बांधावी व जखमेवर चीर द्यावी, असा सल्ला प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत हमखास आढळतो. २००९ च्या राष्ट्रीय सर्पदंश उपचार मार्गदर्शिकेने या दोन्ही गोष्टी करू नयेत असे सांगितले आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. गावातील वाचनालयाच्या कपाटात आवळपट्टीचे पुस्तक असेपर्यंत ते वाचनालय या उद्दिष्टाच्या विरोधात उभे आहे, असेच म्हणावे लागेल.

(ई) कोविडच्या साथीत कोव्हिशील्ड लशीच्या दोन मात्रांतील अंतर प्रारंभी ४ ते ६ आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ आठवडे झाले आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे झाले. एकाच प्रश्नाची चार महिन्यांत तीन उत्तरे देण्याची पाळी लसीकरण केंद्रावरील कर्मचाऱ्यांवर आली. कारण सांगता आले नाही, तर 'लस संपली म्हणून तारीख पुढे ढकलली' हेच कारण लोक गृहीत धरणार.

ग्रंथालये जुने ग्रंथ का काढून टाकीत नाहीत? ग्रंथपालांचा आळस हे त्याचे उत्तर नव्हे. १९७० च्या अनुदानविषयक नियमांनुसार सार्वजनिक ग्रंथालयाचा अ, ब, क, ड असा वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या हा एक प्रमुख निकष असतो आणि वर्गानुसार अनुदान मिळते. दाखल नोंदवहीतील प्रत्येक ग्रंथ अशा रीतीने अनुदानाला आधार देतो. प्रथमोपचाराचे १९८५ चे पुस्तक आणि एखादी अभिजात कादंबरी या दोघांचे मोल मोजणीच्या वेळी सारखेच ठरते. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, या रंगनाथन यांच्या पाचव्या सूत्राचा आपण केवळ वाढीपुरता अर्थ घेतला. सजीव नवे ग्रहण करतो तसे जुने टाकूनही देतो, हे स्वतः रंगनाथन यांनी त्याच सूत्राच्या विवरणात स्पष्ट केले होते. त्या अर्ध्या भागाचा आपल्याला विसर पडला आहे.

६. भाषेचा प्रश्न

आरोग्य साहित्य मराठीत आहे, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. पुस्तकात 'निर्जलीकरण' असते. आई 'बाळ सुकलं' म्हणते. पुस्तकात 'अल्पतापमान' असते. आजी 'बाळ गार पडलं' म्हणते. कर्मचाऱ्याला या दोन्ही मराठींमध्ये ये-जा करावी लागते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली व पावरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्या घरांत तर पुस्तकी मराठीसुद्धा परकी ठरते.

साधे शिक्षण असलेली स्त्री अवघड वैद्यकीय ज्ञान आत्मसात करू शकत नाही, हा समज मात्र महाराष्ट्रानेच खोटा ठरविला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे प्रकल्प सुरू केला. तेथील ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेक स्त्रिया निरक्षर होत्या. ठरावीक दिवशी त्या केंद्रात एकत्र जमत, आपापल्या गावातील अनुभव सांगत आणि एकमेकींकडून शिकत. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला. या कार्याचा आधार घेऊनच गृहाधारित नवजात बालक काळजी पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात आली. दोन्ही ठिकाणी ज्ञान लोकांच्या बोलीत मांडले गेले आणि कार्यकर्तीला पुन्हापुन्हा विचारण्याची जागा मिळाली. ग्रंथालयाच्या परिभाषेत सांगावयाचे तर तेथे ग्रंथ कमी आणि संदर्भसेवा अधिक होती.

७. महाराष्ट्रातील ग्रंथालयांनी काय करावे?

वरील चिकित्सेतून विस्तारसेवेची वेगळी मांडणी सुचते. तिचे पाच मुद्दे असे :

(१) प्रश्ननोंदवही : प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा स्वयंसेविकांची मासिक सभा होते. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने सभेस उपस्थित राहून त्या महिन्यात लोकांनी विचारलेले प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, लिहून घ्यावेत. कोणाचेही नाव वा घर नोंदवू नये.

(२) एकपानी उत्तर : निवडक प्रश्नांची उत्तरे शासकीय मार्गदर्शिका व विश्वसनीय साहित्य यांच्या आधारे एका पानावर, मोठ्या अक्षरांत, बोली मराठीत तयार करावीत. प्रत्येक पानावर आधार आणि दिनांक असावा.

(३) वैद्यकीय तपासणी : ग्रंथपाल हा वैद्य नव्हे. त्याने सल्ला देऊ नये. माहितीचा उगम दाखवावा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याची वा त्याने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची संमती मिळाल्याशिवाय कोणतेही पान बाहेर जाऊ नये.

(४) परत घेण्याची व्यवस्था : मार्गदर्शिका बदलताच जुने पान रद्द झाल्याचे कळविले जावे. ग्रंथालयातील आरोग्यविषयक ग्रंथांची दरवर्षी छाननी करावी. अशा छाननीत बाद झालेल्या ग्रंथांमुळे ग्रंथालयाचा वर्ग खाली येणार नाही, अशी तरतूद अनुदान नियमांत व्हावी. यासाठी शासनाला मोठा खर्च येणार नाही. नियमात बदल मात्र करावा लागेल.

(५) महाविद्यालयीन ग्रंथालयांचा सहभाग : ज्या शासकीय महाविद्यालयांना नियतकालिके उपलब्ध झाली आहेत, त्यांच्या ग्रंथपालांनी योजनेच्या अटी पाळून साहित्याचा शोध घ्यावा आणि त्याचे सार तालुका ग्रंथालयास कळवावे. जिल्ह्यातील ज्ञानाची साखळी येथे जोडली जाऊ शकेल.

८. काही आक्षेप

आशा स्वयंसेविकांवर आधीच कामाचा मोठा बोजा आहे, त्यांना कामनिहाय मोबदला मिळतो आणि माहिती भरण्यातच त्यांचा वेळ जातो, हा पहिला आक्षेप. तो शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच या मांडणीत त्यांना काहीही भरावयाचे नाही, वाचनालयात यावयाचे नाही आणि परीक्षा द्यावयाची नाही. लिहिण्याचे काम ग्रंथपालाचे आहे. विस्तारसेवेने कर्मचाऱ्याचे काम वाढविले, तर ती सेवा राहत नाही.

दुसरा आक्षेप, आरोग्य विभाग प्रशिक्षण देतोच, मग ग्रंथालय कशाला? प्रशिक्षण विभागाला सांगावयाच्या गोष्टींपासून सुरू होते. संदर्भसेवा कर्मचाऱ्याला विचारावयाच्या गोष्टींपासून. शिवाय वरिष्ठाला 'मला हे माहीत नाही' असे सांगणे कनिष्ठ कर्मचाऱ्याला जड जाते. ग्रंथपाल तिचा वरिष्ठ नाही. तो अहवाल लिहीत नाही. ही तटस्थता ग्रंथालयाचे फार मोठे बलस्थान आहे.

तिसरा आक्षेप भ्रमणध्वनीचा. सर्व काही व्हॉट्सॲपवर येते, असे म्हटले जाते. येते हे खरे. पण शासकीय परिपत्रक आणि कोणी तरी पुढे पाठविलेला खोटा उपाय एकाच पडद्यावर, एकाच आकारात, दिनांक व उगम यांविना येतात. साधन कोणते, हा मुद्दा गौण आहे. एकपानी उत्तर भ्रमणध्वनीवरूनही पाठविता येईल. त्यामागे निवड करणारा, तारीख टाकणारा आणि चूक झाल्यास परत घेणारा कोणी आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे. ग्रामीण ग्रंथालयातील सेवकाला मिळणारे मानधन इतके तुटपुंजे आहे की, त्याच्याकडून आणखी कामाची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. एकीकडे अल्प मोबदल्यावरील आशाताई आणि दुसरीकडे अल्प मानधनावरील ग्रंथपाल यांच्या सद्भावनेवर नवी योजना उभी करणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही. म्हणून हे काम सर्व ग्रंथालयांवर सक्तीने न लादता, प्रशिक्षित ग्रंथपाल असलेल्या तालुका ग्रंथालयांपासून आणि स्वतंत्र मानधनासह सुरू करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

९. समारोप

अमेरिकेतील भागीदारी, जिनिव्हाची निळी ट्रंक आणि भारतातील राष्ट्रीय वर्गणी योजना हे तिन्ही प्रयत्न आपापल्या जागी मोलाचे आहेत. तिघांचेही यश किती साहित्य दिले आणि किती संस्था जोडल्या यांवर मोजले जाते. सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संदर्भात ही मोजपट्टी अपुरी आहे. किती प्रश्नांची उत्तरे मिळाली, ती किती दिवसांत मिळाली आणि किती चुकीची माहिती वेळेवर मागे घेतली, या तीन कसोट्या तिच्या जोडीला हव्यात. आपल्या वाचनालयातील आरोग्यविषयक कपाट उघडून प्रत्येक पुस्तकाचे प्रकाशनवर्ष तपासणे, हे या दिशेने टाकता येण्याजोगे पहिले पाऊल आहे. त्यासाठी कोणत्याही योजनेची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.